धायटी आणि गाठींची दोरी

मंडळी, आधी मला एवढं सांगा. तुमच्या दारात दोन माळी उभे आहेत. एक म्हणतो, "माझ्या हातून आजवर एकही रोप मेलं नाही." दुसरा म्हणतो, "माझ्या हातून तीनशे बारा रोपं मेली, आणि त्यातलं कुठलं कशानं मेलं ते मी सांगू शकतो." तुमच्याजवळ रोप आहे एकच, आणि त्यात तुमचा जीव अडकलेला आहे. ते कोणाच्या हाती द्याल?

उत्तराची घाई नको. या प्रश्नात एका राणीची चाळीस वर्षं गेली. आपली घटकाभर गेली तर काही बिघडत नाही.

गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी की तेव्हाच्या राजांची नावं आता कुणाला आठवत नाहीत, पण तेव्हाच्या झाडांची नावं अजून तीच आहेत.

नदीकाठच्या काळ्याभोर जमिनीच्या मुलखात एक राज्य होतं. माती अशी कसदार की वांग्याची झाडं माणसाच्या खांद्याला लागायची आणि माणसं थोडी आळशी व्हायची. राजवाड्यामागे मोठी बाग होती. तिथे जाईजुई होती, केवडा होता, दूरदेशाहून आणलेली, नाव घेताना जीभ अडखळावी अशीही झाडं होती. पण राजाची आई, जिला सगळे थोरल्या आईसाहेब म्हणत, त्या रोज जाऊन बसायच्या ते बागेच्या मधोमध असलेल्या एका हिरव्यागार झुडपाशी. ते झुडूप धायटीचं होतं. चाळीस वर्षांत त्याला एकदाही फूल आलं नव्हतं.

आईसाहेब मूळच्या डोंगरातल्या. वडील एका लहानशा गढीचे धनी. लहान म्हणजे किती, तर गढीत सैनिकांपेक्षा शेळ्या जास्त. पण गढीसमोरचा उतार असा होता की ज्यानं तो एकदा पाहिला त्यानं जन्मभर विसरू नये. माघ सरत आला की तिथल्या धायटीची पानं गळून जायची, आणि त्या उघड्या फांद्यांना बुंध्यापासून शेंड्यापर्यंत तांबडी फुलं लगडायची. लहान लहान, नळीसारखी, हजारोंनी. डोंगराला कुणी कुंकू फासलंय असं वाटायचं. सकाळी शिंजीर पाखरं यायची आणि वाकड्या चोचींनी मध ओढायची. पाखरांच्या पाठोपाठ मुलं.

फूल हलकेच ओढून काढायचं आणि नळीचं मागचं टोक ओठांत धरायचं. एक थेंब मध मिळायचा. आईसाहेब आणि त्यांचा मोठा भाऊ, दोघांची पैज लागायची, कुणाचे थेंब जास्त. भाऊ विचारायचा, "किती झाले गं तुझे?" ती म्हणायची, "वीस." झालेले असायचे बारा. भाऊ तिच्या तोंडाकडे बघून हसायचा आणि म्हणायचा, "जिंकलीस बाई." दुपारी आई फुलं उकळून त्या पाण्यात तिचं पोलकं बुडवायची. त्याला जो फिकट गुलाबी रंग यायचा, तसा पुढे राजवाड्यातल्या एकाही रेशमाला तिला दिसला नाही.

लग्न होऊन ती या काळ्या मुलखात आली तेव्हा मेण्यात मांडीवर धायटीचं एक रोप घेऊन आली. बागेत स्वतःच्या हातानं लावलं. पहिला पाऊस गेला आणि रोपानं मान टाकली. माळ्यानं येऊन सांगितलं, "गेलं, राणीसाहेब." कोवळी पोर ती; तीन दिवस जेवली नाही. तरुण राजाला ते बघवेना. त्यानं हुकूम काढला: यापुढे राजबागेत ज्या माळ्याच्या हातून रोप मरेल, त्यानं पागोटं उतरवून, मेलेलं रोप हातात घेऊन, उगवतीपासून मावळतीपर्यंत बागेच्या दाराशी उभं राहायचं.

त्या काळी भर लोकांत उघड्या डोक्यानं उभं राहणं म्हणजे काय, हे थोरांना सांगायला नको. लहानांनी घरी आजोबांना विचारावं.

पंधरा दिवसांनी तोच माळी धावत आला. "राणीसाहेब, रोप मेलं नव्हतं. फुटवा आलाय." आणि खरंच, त्या जागेवर हिरवं रोप डोलत होतं. राणी हसली, राजा हसला, आणि हुकूम तसाच राहिला. काढलेले हुकूम परत घ्यायचे असतात, हे फार थोड्या राजांना माहीत असतं.

तेव्हापासून राजबागेत एकही रोप मेलं नाही. निदान कुणी तसं सांगितलं नाही. तो माळी म्हातारा होऊन गेला, त्याचा मुलगा हैबती बागेचा नाईक झाला. राजे गेले, मुलगा गादीवर आला. धायटी वाढतच राहिली, हिरवीगार, पानांनी गच्च. दर माघात आईसाहेब विचारायच्या, "हैबती, यंदा?" आणि हैबती नदीच्या गाळाची आणखी एक पाटी आळ्यात ओतत म्हणायचा, "यंदा नाही, आईसाहेब. पुढच्या माघात नक्की."

आईसाहेबांना वाटे, झाड आपल्यावर रुसलंय. माहेर सोडून आणलं म्हणून. मग त्या त्याच्याशी बोलत बसत. आईचं, भावाचं, गढीवरच्या शेळ्यांचं. झाड ऐकून घ्यायचं. फुलत मात्र नव्हतं.

अशातच त्यांच्या डोळ्यांत पडदा उतरू लागला. वैद्यानं बुबुळं पाहिली आणि खोटं बोलला नाही. "तीन वर्षं, आईसाहेब. आधी अक्षरं जातील, मग चेहरे. सगळ्यात शेवटी रंग."

आईसाहेब म्हणाल्या, "मग मला तांबडा बघायचाय. माझ्या उतारावरचा."

माहेर आठ दिवसांच्या वाटेवर, मध्ये दोन घाट. मेण्याचे हिसके त्यांच्या कमरेला सोसवणारे नव्हते. म्हणजे आईसाहेब डोंगराकडे जाऊ शकत नव्हत्या. डोंगरालाच बागेत यावं लागणार होतं. राजानं दवंडी पिटवली.

बरेच माळी आले. सगळ्यांची पागोटी डौलदार. प्रत्येकानं सांगितलं की आपल्या हातून कधी रोप दगावलं नाही. आईसाहेबांनी प्रत्येकाला एकच विचारलं, "धायटी किती लावल्यास?" मग तो शेजारच्याकडे बघायचा आणि शेजारचा छताकडे.

सगळ्यांच्या शेवटी एक बाई आली. पन्नाशीची, काळीसावळी, अनवाणी, तळहात पाट्यासारखे खरबरीत. गळ्यात एक जाड अंबाडीची दोरी, तिला गाठीच गाठी, आणि गाठींत काय काय अडकवलेलं.

"नाव काय तुझं, बाई?"

"नाजुका."

दरबारात हसू पसरलं. बाईही हसली. "हसा की. बारशाला माजे हात कुनी बघितले नव्हते."

"आणि ही दोरी?"

"माज्या हातून मेलेली रोपं हायेत ही, आईसाहेब. तीनशे बारा. आमच्या गावात रंगाऱ्यांसाठी धायटी लावतात. मी तीस वर्सं लावतीया."

हैबती पुढे झाला. "आईसाहेब, ही बाई मेलेल्यांची यादी गळ्यात घालून फिरते. एखाद्या वैद्यानं असं केलं तर त्याच्याकडे कोण जाईल?"

"मी जाईन, दादा," नाजुका म्हणाली. "दुसऱ्या वैद्याकडं मानसं मरत न्हाईत असं वाटतं व्हय तुमास्नी?"

आईसाहेबांनी दोरी मागवून घेतली. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून बोटांनी चाचपली. नाजुका शेजारी बसून सांगू लागली. नुसती गाठ असेल तर ते रोप जादा पाण्यानं कुजलं. काडी खोवलेली असेल तर शेणखतानं जळलं. चिंधी असेल तर बी मातीखाली गाडलं गेलं, उगवलंच नाही. केसांचा पुंजका असेल तर शेळीनं खाल्लं.

"आणि हा तांबडा दोरा?"

"ती कशानं मेली ते अजून कळलं न्हाई. कळलं की दोरा काढीन."

"जगली किती?"

"त्यांची दोरी न्हाई केली. ती उभी हायेत गावाकडं, ज्याला मोजायची त्यानं येऊन मोजावी."

आईसाहेबांना एकदम लहानपणचा बाजार आठवला. गढीखालच्या बाजारात एक म्हातारी आंबे विकायची. ती सकाळीच पाटी चाळायची आणि सडके निघालेले आंबे वेगळ्या टोपलीत घालून, ती टोपली अगदी समोर ठेवायची. वडील नेहमी तिच्याकडूनच घ्यायचे. एकदा तिनं विचारलं, "बाबा, हिच्याकडे तर सडके दिसतात." वडील म्हणाले, "बाकीच्यांकडे दिसत नाहीत ना, म्हणून." तेव्हा तिला ते कळलं नव्हतं. पन्नास वर्षांनी, गाठींवरून बोट फिरवताना कळलं.

"बाई, तुला काय हवं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या बागेतली सगळ्यात वाईट जागा. आन एक बोली. माजी रोपं मरनार. मरतील तशी मी येऊन सांगनार. मला पागोटं न्हाई, तवा उतरवायचं काय ते तुमी ठरवा. पन ऐकून घ्यायला लागंल."

"ऐकेन," आईसाहेब म्हणाल्या.

बागेच्या मागच्या भिंतीशी जुन्या बांधकामाचा दगडगोटा टाकलेला ढीग होता. दिवसभर ऊन, पाणी टाकलं तर क्षणात खाली. हैबतीचे माळी तिकडे थुंकायलासुद्धा जात नसत. नाजुकानं तोच ढीग मागितला. त्यात मुरूम मिसळला, उतरता चौथरा केला, आणि काळी माती एक घमेलंही येऊ दिली नाही.

मग तिनं कनवटीची पुरचुंडी सोडली. आत धायटीचं बी होतं, चैत्रात बोंडं तपकिरी झाल्यावर, ती उकलायच्या आत तोडून वाळवलेलं. बी इतकं बारीक की दरबारचे दिवाण तपकीर समजून वाकले.

"शिंकू नका, रावसाहेब," नाजुका म्हणाली. "आक्खा डोंगर उडून जाईल."

कुंभाराकडून तिनं पसरट परळ आणवले, बुडाला भोकं पाडलेले. त्यात चाळलेला मुरूम आणि रेती भरली. बी मूठभर बारीक रेतीत कालवून वरून भुरभुरलं आणि तळव्यानं नुसतं दाबलं. वर माती घातली नाही. "ह्याला उजेड दिसला तर उठतं. गाडलं तर झोपतं ते कायमचं." पाणीही वरून नाही, परळ उथळ पाण्यात ठेवायचे, म्हणजे खालून लागेल तेवढं ते पिऊन घेतं.

दहा-बारा दिवसांनी परळांवर हिरवी धूळ बसल्यासारखं दिसलं. त्यानंतर रोज सकाळी नाजुका आईसाहेबांसमोर येऊन बसू लागली.

"आज एक परळ गेला. काल रेती वली राहिली हुती. चूक माजी."

"आज मुठीएवढी गेली. का ते म्हाईत न्हाई."

पहिल्या पहिल्यांदा प्रत्येक वेळी आईसाहेब समोरचं ताट बाजूला सारायच्या. तीन दिवस न जेवलेली पोर आत कुठेतरी होतीच. पण हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की कालच्या मरणातून उद्याचं पाणी ठरत होतं. दुसऱ्या आठवड्यात मरणं कमी झाली, तिसऱ्यात आणखी कमी. दरबारी मात्र कंटाळले. धाकट्या राणीच्या लाडक्या हरणानं दोन रोपं खाल्ली, तेही नाजुकानं भर दरबारात जसंच्या तसं सांगितलं, आणि दोरीला हरणाच्या केसांचा पुंजका अडकवला. धाकटी राणी लाल झाली. राजा मिशीत हसला. तसल्या गोष्टी सांगायची त्या दरबारात कुणाची छाती नव्हती.

पुढच्या ज्येष्ठात बोटभर उंचीची चाळीस रोपं उरली. आषाढात ती चौथऱ्यावर गेली, चार-चार हातांवर एक. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी, खत अजिबात नाही. तिसऱ्या पावसाळ्यानंतर सव्वीस झुडपं कमरेइतकी झाली होती. आणि आईसाहेबांना आता चेहरे ओळखू येत नव्हते. अक्षरं केव्हाच गेली होती. हाताशी होता एकच माघ.

मार्गशीर्षात नाजुकाला पुतणीच्या लग्नाला गावी जावं लागलं. जाताना सांगून गेली, "पानं गळतील. गळू द्या. तहान लागल्याशिवाय ही फुलत न्हाई. कुनी पानी देऊ नका."

पानं गळू लागली. आईसाहेब रोज चौथऱ्याशी बसायच्या. पानं त्यांच्या मांडीवर पडायची. एक दिवस त्यांनी हात लांब करून फांद्या चाचपल्या. सगळ्या कोरड्या काटक्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि दासीचा हात धरून आत गेल्या. पलीकडच्या पाटाशी हैबती उभा होता. त्यानं ते पाहिलं.

हैबतीला वाईट माणूस समजू नका. आईसाहेबांना झाडाशी बोलताना तो लहानपणापासून बघत आला होता. त्याला ते सहन झालं नाही. भर दुपारी त्यानं चार गडी लावले. नदीचा गाळ आणि ताजं शेणखत पाट्या भरभरून प्रत्येक बुंध्याशी ओतलं, आणि वर घागरीवर घागरी पाणी. त्याला येत होतं तेवढं प्रेम त्यानं केलं.

आठव्या दिवशी नाजुका परत आली. त्या वेळी आईसाहेब आपल्या जुन्या धायटीमागच्या दगडी बाकावर बसल्या होत्या. पानांचा गच्च पडदा मध्ये होता, त्या कुणाला दिसत नव्हत्या. पण डोळे गेले की कान जवळ येतात. त्यांनी सगळं ऐकलं.

नाजुकानं अंगठ्याच्या नखानं एकेक बुंधा खरवडला. साल सुटून हाती यायची. "तपकिरी," ती म्हणत होती. "तपकिरी. हिरवा. तपकिरी." शेवटी म्हणाली, "सात हायेत. एकोनीस गेली."

हैबती घाईनं म्हणाला, "बाई, जरा थांब. इतक्यात सांगू नकोस. मी तीन दिवसांत एकोणीस रोपं आणतो, एवढ्याच उंचीची. आईसाहेबांना दिसत नाही. कुणाला कळणार नाही. माझा बाप हेच..."



"काय म्हनालात?"

"काही नाही."

नाजुका शांतपणे म्हणाली, "आनलेली रोपं ह्या माघात फुलतील व्हय, दादा?"

"नाही."

"मंग आईसाहेबांस्नी सांगा, पुढच्या माघात नक्की. तुमास्नी तर ते पाठच हाय."

पावलं दूर गेली. आईसाहेब त्या हिरव्या झुडपाला टेकून बसून राहिल्या. माझा बाप हेच. चाळीस वर्षांपूर्वीचा तो धावत आलेला माळी त्यांना आठवला. घामेजलेला, हसणारा, आणि आता कळत होतं, भ्यालेला. ज्या झाडाला त्यांनी आईचं, भावाचं सगळं सांगितलं ते झाड कोण होतं?

त्यांनी हैबतीला बोलावलं नाही. त्या वाट बघत राहिल्या. विचारून काढलेलं खरं त्यांना नको होतं.

एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दरबार भरला तेव्हा कुजबुज झाली. आईसाहेबांना दिसलं नाही, पण पायांचा आवाज त्यांनी ओळखला. "कोण, हैबती?"

"जी." तो समोर येऊन बसला. "आईसाहेब, माझ्या डोक्यावर पागोटं नाही. तुम्हाला दिसत नाही म्हणून सांगतो. एकोणीस झाडं मेली. गाळ आणि पाणी मी घातलं. नाजुकाबाईचा दोष नाही."

"आणखी?"

"आणि बागेतली जुनी धायटी तुम्ही आणलेली नाही. तुमची पहिल्याच वर्षी गेली. बाबांनी दुसरी आणून लावली. ती तीन पावसाळ्यांत कुजली, मग तिसरी. आता उभी आहे ती चौदावी. मेली की आम्ही पहाटे बदलायचो, आणि नवी मरू नये म्हणून जास्त खत घालायचो, जास्त पाणी."

"तेरा वेळा तेच?"

"मेलं असं सांगायचंच नव्हतं, आईसाहेब. मग का मेलं हे विचारायचं कुणाला?"

आईसाहेब पुटपुटल्यासारख्या म्हणाल्या, "हुकूम महाराजांचा होता. पण रडले होते मी." मग आवाज चढवून म्हणाल्या, "हैबतीचं पागोटं आणा." ते आणल्यावर त्यांनी चाचपत चाचपत ते त्याच्या डोक्यावर ठेवलं. जरा तिरकं बसलं. कुणी सरळ केलं नाही.

"नाजुका, तुझी दोरी दे."

एकोणीस गाठी त्यांनी स्वतः मारल्या, एकेक काडी खोवून. मग आणखी तेरा मारल्या, आणि आपल्या पदराची दशी तोडून तेरांत एकेक धागा घातला.

"ही कशानं मेली म्हनायची, आईसाहेब?" नाजुकानं विचारलं.

"भीतीनं," त्या म्हणाल्या. "आणि ती मी पेरली होती."

तो हुकूम त्याच दिवशी गेला. हैबती आणि नाजुका दोघांनी मिळून सात झुडपांच्या बुंध्यांचा गाळ हातांनी उकरून काढला, मुळांच्या माना मोकळ्या केल्या, पुन्हा दगडगोटा भरला. हैबती दर दोन घटकांनी नखानं साल खरवडायला जायचा. शेवटी नाजुका म्हणाली, "दादा, राहू द्या. खरवडून खरवडूनच मारशीला."

पौष कोरडा गेला. माघाच्या मध्यावर काटक्यांना बारीक पुळ्या आल्या. आणि माघ सरता सरता एका सकाळी हैबती आला, तो धावत नव्हता. हळू चालत आला आणि म्हणाला, "आईसाहेब, सातांतली पाच. दोन नाही फुलली, का ते माहीत नाही. चला."

त्या गेल्या. चेहरे नव्हते, पानं नव्हती, भिंत आणि आभाळ एकच झालेलं. पण समोर, त्या सगळ्या धुक्यात, तांबडं होतं. पाच ठिकाणी, जळत असल्यासारखं. त्या कितीतरी वेळ पापणी न लवता उभ्या राहिल्या. डोक्यावरून शिंजीर चिवचिवत गेला. कुणी त्याला सांगितलं होतं कोण जाणे.

त्यांनी हात पुढे केला. नाजुकानं एक फूल ओढून हातात दिलं. त्यांनी बरोबर मागचं टोक ओठांत धरलं. मग दुसरं, मग तिसरं, आणि आणखी दोन.

"किती झाले, आईसाहेब?" नाजुकानं सहज विचारलं.

आईसाहेब हसल्या. पन्नास वर्षं मागे कुठेतरी एक भाऊ वाट बघत उभा होता.

"पाच," त्या म्हणाल्या. "खरे पाच."

चैत्र संपायच्या आत त्यांची नजर पूर्ण गेली. जाताना तांबडा घेऊन गेली. पुढे त्या दहा वर्षं जगल्या. दर वर्षी फुलं सरली की हैबती तिसरा भाग फांद्या छाटायचा, म्हणजे नव्या फांद्या यायच्या आणि पुढच्या माघात त्याच लगडायच्या. भिंतीकडेची सगळी वाट धायटीनं भरली. मधली चौदावी धायटीसुद्धा आईसाहेबांनी काढू दिली नाही. तिचा गाळ काढला, पाणी तोडलं, आणि दोन वर्षांनी तीही फुलली. तिनं इतकी वर्षं सगळं ऐकून घेतलं होतं, तेवढं तिचं देणं होतंच.

आणि बागेच्या दाराशी, जिथे पूर्वी माळ्यानं उघड्या डोक्यानं उभं राहायचं, तिथे एक खुंटी ठोकली गेली. तिच्यावर दोरी टांगलेली असे. रोप मेलं की माळी पागोटं नीट बांधून यायचा, गाठ मारायचा, आणि कामाला लागायचा. दुसऱ्या राज्यांचे माळी ती दोरी शिकायला यायचे. फुलं बघायला तर सगळेच येतात.

तात्पर्य इतकंच: जो आपल्या हातून मेलेलं सांगू शकतो, त्याच्याच हाती जिवंत रोप द्यावं.

तेव्हा मंडळी, तुम्ही धायटी लावा, नाहीतर दुसरं काही. दुकान चालवा, नाहीतर घर. एक विनंती आहे. हिशेब ठेवाल तो खरा ठेवा. जगलेल्यांच्या शेजारी मेलेलीही मांडा, आणि बारा झाले असतील तर बाराच म्हणा.